आईची दुभाषी

“मंगळसूत्र आत घाल,” मी आईला म्हणाले.

“का गो?”

“ते आता येतील. दिसायला नको.”

आई कप पुसत होती. तिचा हात थांबला. “तुझ्या बापाने बांधलंय ते. चोरून आणलंय का कुठनं?”

“आई, इथे कोणी मंगळसूत्र घालत नाही. त्या माणसाला वाटेल आपण हिंदू आहोत.”

“वाटू दे. विचारलं तर सांगेन.”

“कुठल्या भाषेत सांगशील?”

हे मी मुद्दाम म्हणाले, आणि ते तिला लागलं हे मला दिसलं. मंगळसूत्र तिने पोलक्यात सरकवलं. बांगड्या मात्र हातात घट्ट बसलेल्या, त्या निघणार नव्हत्या. मी म्हटलं, निदान पदर पुढे घेऊन बस. माझं चुकत होतं असं मला त्या क्षणी अजिबात वाटलं नाही. उलट मी किती दूरचा विचार करते असंच वाटत होतं.

हे त्रेसष्ट सालचं. आम्हाला अलिबागेजवळचं सोनखार सोडून इस्राएलमध्ये येऊन पाच वर्षं झाली होती. सरकारने आम्हाला वाळवंटातल्या एका नव्या गावात दोन खोल्यांचं घर दिलं होतं. गाव म्हणजे एकसारख्या इमारती, एक कापडगिरणी आणि चहूकडे धूळ. मी गिरणीत रंगखात्यात होते. आमच्याकडच्या बहुतेक बायका रंगखात्यातच होत्या. मुकादम हसत हसत म्हणायचा, “तुमच्या हातांवर रंग दिसत नाही, म्हणून तुम्हाला तिथे घेतो.” आम्हीही हसायचो, न हसून जाणार कुठे?

गंमत अशी की सोनखारला आमच्या रंगाकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. सगळं गाव आमच्याच रंगाचं. तिथे आम्ही वेगळे होतो ते शनिवारी घाणा बंद ठेवायचो म्हणून. शनवार तेली म्हणायचे आम्हाला. आपला देश वेगळा आहे, एक दिवस आपण तिकडे जाऊ, हे ऐकतच मी वाढले. आणि तिकडे आलो, तर दुकानातली बाई सुटे पैसे माझ्या हातावर न ठेवता फळीवर ठेवायची. बसमध्ये माझ्या शेजारची जागा शेवटी भरायची. ‘तुम्ही खरंच यहुदी आहात का’ हा प्रश्न तर इतक्यांदा ऐकला होता की कोणी नुसतं माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं तरी तोच प्रश्न येणार असं वाटायचं. माझा स्वभावच तसा झाला होता. प्रत्येकाचा संशय घ्यायचा आणि आधीच तयारीत राहायचं.

मग लिव्यू भेटला. गिरणीत यंत्रं दुरुस्त करायचा. रूमानियाचा, लाल कानांचा, बोलताना अडखळणारा, भला माणूस. लग्न ठरलं. त्याच्या आईने मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याला बाजूला घेऊन विचारलं होतं, “हिंदुस्थानात यहुदी असतात?” बाजूला घेऊन, पण मला ऐकू येईल एवढ्या आवाजात. तरी ठरलं.

आणि नेमकं तेव्हाच रब्बींचं, म्हणजे इथल्या धर्मगुरूंचं, फर्मान निघालेलं होतं. आमच्या समाजातलं कोणी समाजाबाहेर लग्न करत असेल, तर आधी त्याच्या आईची, आजीची, जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करायची. त्या खऱ्या यहुदी होत्या की नाही ते ठरवायचं. ठरलं नाही, तर मुलीने धर्मांतर करणाऱ्या परक्या बाईसारखी पाण्यात डुबकी घ्यायची आणि नव्याने यहुदी व्हायचं. माझ्या ओळखीच्या एका मुलीने ती घेतली होती. तिचा बाप तिच्या लग्नाला गेला नाही. “दोन हजार वर्षं आम्ही कोण होतो मग?” असं म्हणून तो घरात बसून राहिला.

मी ती डुबकी घेणार नव्हते. आणि लिव्यूला सोडणारही नव्हते. म्हणजे सगळं त्या दुपारच्या चौकशीवर होतं.

चौकशीला आलेल्या माणसाचं नाव मर्गुलिस. किडकिडीत, काळा कोट, टोपीला घामाची कड. त्याने दारातच चौकटीवरची पवित्र वचनांची डबी तपासली, बोटाने थोडी हलवून पाहिली. ती नवी आहे की जुनी, हे बघतोय, असं माझ्या मनात आलं. आत आल्यावर त्याची नजर मोरीपासून माळ्यापर्यंत फिरली. आईने चहा पुढे केला तर त्याने हाताने नको म्हटलं आणि पिशवीतून स्वतःची पाण्याची बाटली काढली. आमच्या घरचं पाणीसुद्धा चालत नाही, मी मनात म्हटलं.

“आईंना इथली भाषा येते?” त्याने मला विचारलं.

“दूध, पाव, किती आणि शालोम,” मी म्हणाले. “मी सांगेन त्यांना. मी दुभाषी.”

त्याने मला जरा निरखून पाहिलं. “बरं,” म्हणाला.

त्याने वही उघडली. पहिली काही वाक्यं नावगावाची होती. आईचं नाव मिल्काबाई, तिच्या आईचं रिव्का, तिच्या आईचं साराबाई. त्यापुढचं आईला सांगता आलं नाही. त्याने तिथे एक आडवी रेघ मारली. ती रेघ मला आवडली नाही.

“योम किप्पूरच्या दिवशी गावात काय करायचात, विचारा.”

मी आईला म्हटलं, “दारफळणीला काय करायचो ते विचारतायत.”

आईचा चेहरा खुलला. इतकी वर्षं तिला हे कोणी विचारलं नव्हतं. “सांग त्यांना, आदल्या दिवशी चांगलंचुंगलं करून जेवायचं. पहाटे न्हायचं. पांढरं नेसायचं. आणि दारं लावून घ्यायची. खिडकीसुद्धा. दिवसभर पाण्याचा थेंब नाही. कोणाशी बोलायचं नाही, कोणाला शिवायचं नाही. शेजारची गंगू दारातून हाका मारून जायची, पण आम्ही ओ द्यायचो नाही. सगळी गावं जाणून होती, आज तेल्यांची दारं उघडायची नाहीत.”

मला हे माहीत होतं. लहानपणी त्या अंधाऱ्या घरात मीही बसले होते. पण मर्गुलिसच्या कोटाकडे बघत असताना मला ते सगळं फार गावंढळ वाटलं. दारं लावून घरात बसणं हा काय सण झाला? गंगूचं तर नावच नको. मी त्याला म्हणाले, “दिवसभर उपवास करायचो आणि सिनेगॉगमध्ये प्रार्थना.”

“गावात सिनेगॉग होतं?”

“शेजारच्या गावात.”

“किती लांब?”

“दोन मैल.”

“उपवास करून दोन मैल चालत? मुलंबाळंसुद्धा?”

“हो.”

त्याने लिहिलं. मी जेवढं बोलले त्याच्याहून ते जास्त होतं. काय लिहितोय ते मला उलटं वाचता येईना.

“शब्बाथ?”

आई म्हणाली, “चूल नाही, घाणा नाही. शुक्रवारीच भात करून झाकून ठेवायचा. आमचा बैलसुद्धा शनिवारी जोखडाला शिवायचा नाही. एकदा पाटलाने मागितला होता नांगराला, तुझ्या आज्याने नाही दिला. पाटील वर्षभर बोलला नाही मग.”

बैल! मी म्हणाले, “शब्बाथ नीट पाळायचो. मेणबत्त्या लावायचो.” आमच्याकडे मेणबत्त्या नव्हत्या, काचेच्या पेल्यात तेलाची वात लावायचे. पण इथल्या बायका मेणबत्त्या लावतात म्हणून मी मेणबत्त्या म्हटलं.

माझं सगळं बरोबर चाललंय असं मला वाटत होतं. आई जे बोलेल त्यातलं वेडंवाकडं काढून टाकायचं, आणि इथल्यासारखं जे असेल ते ठेवायचं, बस्स. मी मनात उजळणी करून ठेवली होती. लिव्यूकडून विचारून घेतलं होतं, तुमच्यात काय काय करतात ते.

मर्गुलिसने पुढचा प्रश्न विचारला तेव्हा तो वहीकडे बघत होता, माझ्याकडे नाही. “बाई बाळंत झाली की काय पाळायचात?”

मी आईला सांगितलं.

“त्यात काय,” आई म्हणाली. “बाळंतीण बाजूच्या खोलीत. तिचं ताट वेगळं, गोधडी वेगळी. तिने देवाच्या कशाला शिवायचं नाही. मुलगा झाला तर चाळीस दिवस, मुलगी झाली तर ऐंशी. मग न्हाऊन नवं लुगडं नेसून बाहेर.” आणि तिने बोटं मोजून दाखवली, “दहा, वीस, तीस, चाळीस...”

हा तर सरळसरळ विटाळ! सोनखारच्या माळणींच्या घरी सुवेर असायचा तो दहाबारा दिवसांचा. आमच्यात त्याच्याही वरताण. हे ह्या माणसाने ऐकलं की संपलंच. तो म्हणणार, हे हिंदूंचं सोवळंओवळं, ह्यांचा आणि आपला काय संबंध? तिथल्या तिथे वही मिटणार.

“खास काही नाही,” मी म्हणाले. “मुलाची सुंता आठव्या दिवशी. बाकी काही नाही.”

मर्गुलिसने मान वर केली. “आई बराच वेळ बोलल्या.”

“जुन्या आठवणी. त्यांना सवय आहे.”

“बोटं मोजत होत्या. काय मोजत होत्या?”

माझी जीभ चुरुचुरु चालली. आज मला लाज वाटते ती ह्याचीच. “आपली मुलं,” मी म्हणाले. “माझी भावंडं. चारांतली तीन लहानपणीच गेली.”

ते खरं होतं. तीन गेली होती. मर्गुलिसने क्षणभर आईकडे पाहिलं, आणि आईने, त्याला काय सांगितलं गेलंय हे न कळून, त्याच्याकडे बघून हसून मान हलवली.

त्याने पेनाला टोपण लावलं. मला वाटलं, झालं. पण तो म्हणाला, “वरच्या मजल्यावर तुमच्यातलेच एक राहतात ना? बस चालवतात ते?”

सॅम्सन पेणकर. याला सॅम्सन कसा माहीत? सॅम्सन येता-जाता जिन्यात भेटून लग्नाची चौकशी करायचा, ती काय उगीच? तोच जाऊन ह्याच्या कानाशी लागलाय, अशी माझी खात्रीच झाली.

“त्यांची भाषा अशुद्ध आहे,” मी म्हणाले. “तुम्हाला कळणार नाही.”

“बघू,” मर्गुलिस म्हणाला, आणि स्वतःच जिना चढून गेला.

सॅम्सन शर्टाची बटणं लावत लावत खाली आला. दुपारची झोप मोडल्याचं तोंडावर दिसत होतं. आईला आनंद झाला. “ये रे बाबा, बस. चहा झालाच आहे.”

“काय झालं मिल्काबाई? मला कशाला बोलावलं?”

“मला काय माहीत? दीना सांगत होती सगळं नीट.”

मर्गुलिसने पहिल्यापासून सुरुवात केली. आणि सॅम्सनने, देवमाणसाने, आईचा शब्द न् शब्द सांगितला. पांढरं लुगडं सांगितलं, लावलेली दारं सांगितली, गंगूच्या हाका सांगितल्या. बैल सांगितला, पाटलाचा रुसवा सांगितला. भाषा खरंच मोडकीतोडकी होती त्याची, अडला की हातवारे करायचा, पण काही सोडत नव्हता.

“गावात सिनेगॉग?” मर्गुलिसने विचारलं.

“होतं काय हो तुमच्याकडे?” सॅम्सन आईला म्हणाला.

“कुठलं बाबा. चार घरं आमची. आजूबाजूलाही कुठे नव्हतं. घरातच बसायचो.”

सॅम्सनने सांगितलं. मर्गुलिस माझ्याकडे बघेल म्हणून मी खाली पाहिलं. तो बघत होता की नाही माहीत नाही. पण आईने माझ्याकडे पाहिलं, ते मला न बघताही कळलं.

मग बाळंतपण आलं. सॅम्सन जरा लाजला. बायकांच्या गोष्टी. पण सांगितल्या त्याने. “मुलगा, चाळीस. मुलगी, ऐंशी.”

मर्गुलिसचं पेन थांबलं.

“पुन्हा विचारा.”

“मिल्काबाई, ते किती दिवस म्हणालात?”

“चाळीस आणि ऐंशी. बहिरा आहे का तो?”

“मुलीला दुप्पट?” मर्गुलिसने विचारलं. “का दुप्पट?”

“आता का ते मला काय ठाऊक? तसंच असतं,” आई म्हणाली.

“घरात पुस्तक होतं? कोणी वाचून दाखवायचं?”

“पुस्तक? अहो, मला सही येत नाही. आईने पाळलं, म्हणून मी. तिच्या आईने पाळलं, म्हणून तिने.”

मर्गुलिसने टोपी मागे सारली. तो स्वतःशीच काहीतरी म्हणायला लागला, जुन्या पवित्र भाषेत, पाठ म्हटल्यासारखं. त्यातले आकडे तेवढे मला कळले. सात आणि तेहतीस. चौदा आणि सहासष्ट. मी मनात बेरीज केली आणि माझे कान तापले.

“हे तोरातलं आहे, आपल्या धर्मग्रंथातलं,” तो म्हणाला, आता मला उद्देशून. “तिसऱ्या पुस्तकात. मुलगा झाला तर चाळीस, मुलगी झाली तर ऐंशी. माझ्या आईने हे पाळलं नव्हतं. आमच्या गावात कोणीच पाळत नव्हतं, कधीचंच सुटलं होतं. आणि ह्या बाई, अक्षर न येणाऱ्या, मला बोटांवर मोजून दाखवत होत्या.” त्याने वही माझ्यापुढे फिरवली. त्याच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: उत्तरं पढवलेली. शंका. “ही तुमच्या उत्तरांवर लिहिलेली ओळ. इथल्या कोणाही मुलीने दिली असती अशी उत्तरं होती. मला तुमच्या गावची हवी होती. बाई, तुम्ही हे का लपवलंत?”

इतक्या दिवसांची उजळणी, आणि ह्याच एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

सॅम्सनला कोणी थांब म्हटलं नव्हतं. त्याने तो प्रश्नही मुकाट्याने मराठीत करून आईला सांगितला. “विचारतायत, दीनाने हे का लपवलं?”

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. ती सॅम्सनकडे बघत म्हणाली, “म्हणावं, तिला ठाऊकच नव्हतं. मी कधी तिला सांगितलं नाही. चूक माझी.”

अर्ध्या तासापूर्वी तिने ते माझ्याच तोंडावर सांगितलं होतं, माझ्याच समोर बोटं मोजली होती. मर्गुलिसने ते पाहिलं होतं. सॅम्सन घुटमळला. मग त्याने ते जसंच्या तसं सांगितलं. मर्गुलिसने त्यावर काही लिहिलं नाही. वहीतली ती ओळ त्याने दोनदा खोडली, बाटली पिशवीत टाकली, आईकडे बघून मान लववली आणि गेला. चहा त्याने शेवटपर्यंत घेतला नाहीच.

सॅम्सन जिना चढून गेल्यावर आई बराच वेळ कप विसळत राहिली.

“दारफळणीचं काय सांगितलं होतंस?” तिने पाठमोरीच विचारलं.

मी सांगितलं.

“बैलाचं?”

“नाही सांगितलं.”

“आणि मी बोटं मोजली, ती?”

ती वळली. तेव्हा मला सांगावंच लागलं.

आई खाली बसली, भिंतीला टेकून. “तुझ्या वेळी मी ऐंशी दिवस त्या खोलीत होते,” ती म्हणाली. “तिघं गेल्यावर तू. मी एकेक दिवस मोजला, ही राहते का जाते म्हणून. तू राहिलीस.” ती थांबली. “आणि तू माझी मेलेली पोरं त्या माणसापुढे केलीस. माझ्यासमोर. मी हसले गो त्याच्याकडे बघून.”

मी तिच्या पायाशी जाऊन बसले, रडले, काय काय म्हणाले. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

तीन आठवड्यांनी रब्बींच्या कार्यालयाचं पत्र आलं. आईच्या बाजूने शंका उरलेली नाही, विवाहास परवानगी आहे, असं त्यात होतं. डुबकीचं नावही नव्हतं. लिव्यू नाचला. मी पत्र आईला वाचून दाखवायला गेले, तर ती म्हणाली, “ठेव तिथे. सॅम्सन आला की त्याच्याकडून वाचून घेते.”

पुढच्याच रविवारी ती शाळेतल्या भाषेच्या वर्गाला गेली. चोपन्न वर्षांची बाई, जिने आयुष्यात हातात पेन्सिल धरली नव्हती, ती मोरोक्कोच्या, येमेनच्या म्हाताऱ्यांत बसून अक्षरं गिरवायला लागली. मी म्हटलं, “आई, कशाला ह्या वयात? मी आहे ना!” स्वयंपाक करताना ती स्वतःशी शब्द घोकायची. भांडं. पाणी. मुलगी. मी चूक दुरुस्त करायला गेले की गप्प व्हायची आणि मी बाहेर गेल्यावर पुन्हा सुरू करायची.

लग्न हिवाळ्यात झालं. मंडपात जाण्याआधी नोंद करणारे रब्बी कागद घेऊन आईपाशी आले. लिव्यूची आई शेजारीच उभी होती. रब्बींनी विचारलं, वधूच्या आईचं नाव, आणि तिच्या आईचं? सवयीने मी पुढे झाले आणि तोंड उघडलं.

आईने माझ्या दंडावर हात ठेवला, हलकाच, आणि मला मागे सारलं.

“तू नको बोलू, बाय,” ती म्हणाली. “माझं मी सांगते.”